रँक्ड मॅचआधीचा वॉर्मअप: किती, कसला आणि कुठे थांबायचं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही डोंबिवलीला राहता, नोकरी अंधेरीत. घाटकोपरपर्यंत लोकल, पुढे मेट्रो, संध्याकाळी तेच उलट. जेवण उरकून रात्री दहाला व्हॅलोरंट (पाच विरुद्ध पाच, गोळीबाराचा पीसी गेम) लावता आणि साडेअकराला झोपायचं असं घरी कबूल केलेलं आहे. आधी अर्धा तास एम ट्रेनर (नेमाच्या सरावाचं सॉफ्टवेअर), मग दोन डेथमॅच (सगळे एकमेकांविरुद्ध, असा छोटा सामना). एवढं करूनही पहिली रँक्ड मॅच (जिच्यावर क्रमवारी ठरते ती) ‘जवळजवळ रोज’ जाते, म्हणजे हरता. दुसऱ्या मॅचला हात चालायला लागतो, पण ती संपेपर्यंत साडेबारा होतात. म्हणून वॉर्मअप अजून वाढवू का, असं विचारता आहात. शिवाय तीन उपप्रश्न आहेत: मनगटाचा पट्टा घ्यावा का, खेळण्याआधी कॉफी घ्यावी का, आणि बीजीएमआय (मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम) खेळणाऱ्या धाकट्या भावालाही हेच लागू आहे का.

वाढवू नका. निम्म्याच्याही खाली आणा आणि त्यात जे करता ते बदला. का, ते सविस्तर सांगतो. मी दादरच्या एका सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक 1.6 खेळत मोठा झालो. आता मुंबई-ठाण्यातल्या कॉलेज टीम्सना आणि तुमच्यासारख्या नोकरी सांभाळून खेळणाऱ्यांना शिकवतो. दुसऱ्या गटाची अडचण वेगळीच असते. कॉलेजच्या पोरांकडे वेळ भरपूर आणि शिस्त कमी असते, तुमच्याकडे नेमकं उलट आहे. तुम्ही जे वेळापत्रक उचललंय ते दिवसाला आठ-दहा तास खेळणाऱ्या प्रोचं आहे. त्याच्यासाठी पाऊण तासाचा वॉर्मअप म्हणजे दिवसाचा एक तुकडा. तुमच्यासाठी तो अर्ध्याहून जास्त रात्र खातो.

पण त्याआधी एक शंका. पहिली मॅच खरंच रोज जाते का? व्हॅलोरंटचं मॅचमेकिंग तुम्हाला तुमच्याच पातळीच्या लोकांसमोर आणून बसवतं, त्यामुळे निम्म्याच्या आसपास मॅच हरणं हे ठरलेलंच आहे. पहिली हरली की ती रात्रभर डोक्यात राहते, जिंकली की विसरली जाते. म्हणून गेममधल्या करिअर टॅबमध्ये (जुन्या मॅचच्या नोंदींत) जा आणि दररोजची पहिली मॅच तेवढी बाजूला काढा. जिंकलात की हरलात ते सोडा, पहिल्या सहा राउंडमध्ये तुम्ही मेलात कसे ते पाहा. समोरासमोर आलात, तुम्ही आधी पाहिलंत आणि तरी गोळी चुकली, असं वारंवार दिसलं तर वॉर्मअपचा संबंध आहे. बाजूने कुणीतरी येऊन मारलं, एकटेच पुढे गेलात, स्मोक (धुराचा पडदा) संपायच्या आत घुसलात, असं दिसलं तर रेंजमध्ये (गेममधल्या सरावाच्या मैदानात) कितीही बॉट (कॉम्प्युटरचे पुतळे) मारा, काही फरक पडणार नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं हे दुसऱ्या प्रकारचं निघतं.

धरून चालू की तुमचं दोन्ही थोडं थोडं आहे.

आता वॉर्मअपने नेमकं होतं काय? सराव आणि वॉर्मअप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमचा अर्धा तास सरावात जातोय. शिवाजी पार्कवर फलंदाजीला जायच्या आधी मुलगा बाउंड्रीबाहेर दहा-बारा थ्रोडाउन घेतो. त्या वेळी तो नवा शॉट शिकत नसतो, नेट्स काल झाले. चेंडू बॅटवर येतोय, पाय हलतायत, एवढं बघतो आणि पॅड बांधून बसतो. एम ट्रेनर हे तुमचे नेट्स आहेत. चांगली गोष्ट आहे, पण ती शनिवारी दुपारी करा.

थोडा वेळ थांबून परत तेच काम करायला घेतलं की सुरुवातीला माणूस जरा खाली घसरलेला असतो आणि थोड्याच प्रयत्नांत पूर्वपदावर येतो. मानसशास्त्रात हे फार जुनं निरीक्षण आहे. जॅक अॅडम्स या संशोधकाने 1961 मध्ये त्यावरच्या तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. ही घसरण विसरल्यामुळे होते की आणखी कशाने, हा वाद बराच काळ चालला. 1971 मध्ये नॅक्सन आणि श्मिट यांनी एक सुरेख प्रयोग केला. माणसाने उजव्या मुठीने ठरावीक जोर लावायचा, जास्त नाही की कमी नाही. मग मध्ये विश्रांती. एका गटाला विश्रांतीच्या शेवटी भलतंच काम दिलं: डावा हात, कोपरातून, वेगळाच जोर. परत उजव्या मुठीच्या कामाला लावल्यावर या गटाची घसरण जवळपास दिसलीच नाही. उजवा हात तर त्यांनी मधल्या वेळात वापरलाच नव्हता! म्हणजे गरम झाला तो स्नायू नव्हे. ‘जोर लाव, किती चुकला ते बघ, पुढच्या वेळी सुधार’ ही आतली घडी परत बसली.

माझा सगळा सल्ला यावर उभा आहे. वॉर्मअपमध्ये आपण लक्ष, वेग आणि चूक सुधारण्याची लय, या तिन्ही गोष्टी मॅचला लागतात तशा लावून घेतो. ही घडी थोड्याच प्रयत्नांत बसते. त्यापुढे तुम्ही जे करता ते एकतर सराव असतं नाहीतर दमणूक. आणि दिवसभर ऑफिस, येता-जाता गर्दी, असं सगळं झाल्यावर तुमच्याकडे दमायला फारसं शिल्लक नसतं. पन्नास मिनिटांनंतर लावलेली पहिली मॅच तुम्ही थंड असताना खेळत नाही, थकून खेळता असा माझा अंदाज आहे. मग दुसऱ्या मॅचला हात कसा चालतो? मला वाटतं, त्यात हातापेक्षा डोक्याचा भाग मोठा आहे. तोवर तुम्ही बोलायला लागलेले असता, मॅपवर लक्ष गेलेलं असतं, युटिलिटी (स्मोकसारख्या मदतीच्या गोष्टी) वेळेवर टाकता. एम ट्रेनरमध्ये यातलं एकही वापरलं जात नाही.

सुरुवात शरीरापासून करू, पण त्यावर फार वेळ घालवत नाही. लोकलमध्ये तासभर वरची कडी धरून उभं राहिलात तर खांदा आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग आखडतो, दुसऱ्या हातात फोन असेल तर मानही. घरी आल्यावर कोमट पाण्याने आंघोळ केलीत तर निम्मं काम तिथेच होतं. खेळायला बसण्याआधी उभं राहून खांदे पुढे-मागे फिरवा, मुठी उघड-मीट करा, मनगटं दोन्ही बाजूंनी गोल फिरवा. दोन मिनिटं पुरतात. मनगट दुसऱ्या हाताने मागे ओढून ताणून धरायची फॅशन आहे, ती नको. हलवा, ताणू नका. कमी सेन्सिटिव्हिटीवर (माउस हलवल्यावर नेम किती सरकतो ते सेटिंग) खेळत असाल, म्हणजे 800 डीपीआयवर 0.35 च्या आसपास किंवा खाली, तर माउस मुख्यतः खांद्या-कोपरातून फिरतो, तेव्हा खांद्याला जास्त वेळ द्या. बोटं कडाकडा मोडल्याने हात तयार होतो असं काहींना वाटतं. त्याने सांधे झिजतात हेही खरं नाही आणि वॉर्मअप होतो हेही नाही.

थंडीचं तुम्ही विचारलेलं नाही, पण गेमिंग कॅफेत किंवा स्पर्धेत खेळलात तर लागेल. मुंबईत बाहेर घामाच्या धारा आणि कॅफेत एसी अठरावर, हा नेहमीचा प्रकार. हात गार पडला की मज्जातंतूतून जाणाऱ्या संदेशाचा वेग कमी होतो, तापमान एक अंशाने उतरलं तर सेकंदाला साधारण दीड-दोन मीटर. ऐकायला भीषण वाटतं. पण मुळात तो वेग सेकंदाला पन्नास-साठ मीटर असतो आणि हात असतो जेमतेम पाऊण मीटर लांब, त्यामुळे प्रत्यक्ष उशीर काही मिलिसेकंदांचाच होतो. पडद्यावर काही दिसल्यापासून क्लिक होईपर्यंत आपल्याला तसेही 200 ते 250 मिलिसेकंद लागतात. खरा तोटा वेगळा आहे: गार बोटं कडक होतात आणि स्पर्श बोथट होतो. त्यामुळे माउस हलका उचलून ठेवणं, थोडंसंच सरकवणं, असली बारीक कामं बिघडतात. कोरियन खेळाडू हातात छोट्या गरम पिशव्या धरून बसलेले दिसतात ते यासाठी. तुम्ही फुल शर्ट न्या आणि एसीच्या झोताखालची खुर्ची टाळा.

घरी मुंबईकराची अडचण उलटी असते. जून ते सप्टेंबर कापडी माउसपॅड दमट होतो आणि माउस जड सरकतो. काल जिथे क्रॉसहेअर (पडद्यावरची नेमाची खूण) बरोबर डोक्यावर थांबत होता तिथे आज अलीकडेच अडकतो. पुष्कळ जण अशा वेळी सेन्सिटिव्हिटी बदलतात, आणि ऊन पडलं की परत बदलतात. सेन्सिटिव्हिटीला हात लावू नका. हाताखाली सुती रुमाल ठेवा, पॅड पंख्याखाली वाळू द्या, फारच घाम येत असेल तर कोपरापासून मनगटापर्यंतची पातळ स्लीव्ह घाला. आज पॅड जड आहे की हलका, हे कळणं हे वॉर्मअपचं एक कामच आहे. दोन-तीन मिनिटांत हात त्या घर्षणाशी जुळवून घेतो.

यंत्राचंही तसंच. दहाला खेळायचं तर जेवायला बसताना पीसी चालू करा, पॅच आला असेल तर उतरून होऊ दे. गेमच्या सेटिंगमध्ये नेटवर्क आरटीटी (संदेश सर्व्हरला जाऊन परत यायला लागणारा वेळ, म्हणजेच पिंग) आणि पॅकेट लॉस (वाटेत हरवणारा डेटा) पडद्यावर दाखवायची सोय आहे, ती चालू ठेवा. मुंबईचा सर्व्हर मिळत असताना केबल लावून पिंग एक आकडी किंवा दहा-पंधरा मिलिसेकंदांच्या घरात असायला हवं. ते वरखाली उड्या मारत असेल तर दोष बहुतेक वायफायचा. सोसायटीत प्रत्येक घरात राउटर असतो आणि सगळे एकाच पट्ट्यात गर्दी करतात. पाच गिगाहर्ट्झवर या, नाहीतर सरळ लॅन केबल टाका. केबलसाठी दाराला फट पडते म्हणून घरचे ओरडतात, ते ऐकून घ्या. पिंग खराब असताना केलेल्या वॉर्मअपमधून हात चुकीची वेळ शिकतो.

आता रेंज. तुम्ही लिहिलंय की रेंजमध्ये जात नाही, कारण ‘बॉट हलत नाहीत, फायदा काय’. फायदा आहे, फक्त पाच मिनिटांपुरता. मी असं करायला सांगतो: पहिलं मिनिट बॉट मारूच नका. एका बॉटच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर क्रॉसहेअर न्या, थांबवा, पुढे जा. वेग अजिबात नको. मग डावीकडे-उजवीकडे चालत, उलट बटण दाबून थांबत, एकेक गोळी. व्हॅलोरंटमध्ये हलताना झाडलेली गोळी कुठेही जाते, म्हणून थांबणं आणि झाडणं यांची वेळ जुळणं हे हातापेक्षा डाव्या बोटांचं काम आहे, आणि एम ट्रेनरमध्ये डावा हात मांडीवर पडून असतो. तुमच्या अर्ध्या तासातली सगळ्यात मोठी उणीव मला ही वाटते.

आणि पिस्तूल घ्या. जवळजवळ सगळेच वॅन्डल या रायफलने वॉर्मअप करतात. साहजिक आहे, वॅन्डलची डोक्यात लागलेली एक गोळी कुठल्याही अंतरावरून माणूस पाडते, मजा येते. पण मॅच सुरू होते 800 क्रेडिटवर (गेममधल्या पैशांवर). पहिला राउंड पिस्तुलाचा, आणि तो गेला की दुसऱ्यात पैसे नसतात, म्हणजे बरेचदा दोन राउंड जातात. घोस्ट या पिस्तुलाची डोक्यातली गोळी 30 मीटरच्या आत 105 नुकसान करते. समोरच्याने छोटं चिलखत घेतलं असेल तर त्याच्याकडे चिलखतासकट 125 हेल्थ असते, म्हणजे आणखी एक गोळी लागतेच. ही ‘एक आणि लगेच दुसरी’ अशी लय वॅन्डलच्या लयीपेक्षा वेगळी आहे. पहिल्या मॅचची सुरुवात खराब होते म्हणताय ना? मग ज्या बंदुकीने सुरुवात होते ती मॅचआधी हातात कधी घेतली होती ते आठवून पाहा. रेंजमधल्या पाच मिनिटांतली निदान दोन मी घोस्टला देतो. क्लासिक या पिस्तुलावर खेळत असाल तर क्लासिकला.

डेथमॅच एकच, आणि तीही अटींवर. डेथमॅचबद्दल माझं मत इतर कोचेसपेक्षा जरा कडक आहे. तिथे युटिलिटी नाही, टीम नाही, मागून कोणीही येऊन मारतं, आणि 40 किलच्या शर्यतीत सगळे धावत सुटलेले असतात. तिथे जिंकायला जे लागतं (पावलांचा आवाज ऐकला की वळून धावत जाणं) तेच रँक्डमध्ये तुम्हाला मारतं. म्हणून स्कोअरकडे बघायचं नाही. एकच काम घ्या: प्रत्येक कोपरा वळताना क्रॉसहेअर आधीच डोक्याच्या उंचीवर आहे का. मेलात तर मेलात. ‘आधीच तिथे होता का’ याचं उत्तर हो असेल तर तो मृत्यू चांगला. क्रॉसहेअर योग्य जागी असला की 200-250 मिलिसेकंदांतला प्रतिसाद पुरतो, कारण माउस हलवायचा उरतच नाही. अजून एक अट: गेम मधूनच सोडू नका, तुमच्या खात्याला त्याचा फटका बसू शकतो. म्हणूनच दोन लावायच्या नाहीत.

डेथमॅचमध्ये शेवटून दुसरा आलात की ‘आज एम नाहीये’ असं ठरवून तुम्ही रँक्डमध्ये बसता, असं तुम्हीच लिहिलंय. हे थांबवा. वॉर्मअपमधल्या आकड्याचा त्यानंतरच्या मॅचशी फारसा मेळ बसत नाही हे मी टीम्सकडे बघून सांगतो. कॉलेजच्या पोरांचे वॉर्मअपचे स्कोअर मी लिहून घ्यायला लावत असे, ते बंद केलं, कारण चांगला स्कोअर आला की पोरं बेफिकीर होत आणि वाईट आला की घाबरून मागे बसत. वॉर्मअप ही परीक्षा नाही. तो तपासायचा तर मॅचच्या पहिल्या सहा राउंडवरून तपासा.

आता डोक्याचा भाग, ज्यासाठी कुणी वेळच ठेवत नाही. रात्री दहाला घरात आई-बाबा झोपायच्या तयारीत असतात, भिंती पातळ, म्हणून तुम्ही माइक बंद ठेवता आणि ‘गरज पडली की बोलतो’ असं म्हणता. गरज पहिल्याच राउंडला पडते आणि तेव्हा तोंडातून काही फुटत नाही. दिवसभर लोकांशी बोलून आल्यावरही गेममधलं बोलणं वेगळं असतं: दोन-तीन शब्दांत जागा, किती जण, किती जखमी. डेथमॅच खेळताना हे हळू आवाजात स्वतःशीच म्हणत जा. ‘मिड, एक, नव्वद’. वेडेपणा वाटेल, घरचे एकदा विचारतील, मग सवय होईल. पुश-टू-टॉक (बटण दाबलं तरच माइक चालू) ठेवा, माइक तोंडाजवळ आणा, कुजबुजलात तरी टीमला ऐकू येतं. बोलायला लागल्यावर माणूस मॅपकडे बघायला लागतो, हा त्यातला खरा फायदा.

टीम डेथमॅच आणि स्विफ्टप्ले यांचंही सांगतो. टीम डेथमॅच 100 किलपर्यंत चालते, एजंटच्या (तुम्ही निवडलेल्या पात्राच्या) काही क्षमता असतात, समोरून लोक येतात. ज्यांना नेहमीच्या डेथमॅचचा वैताग येतो त्यांनी तिच्याऐवजी ही घ्यावी. स्विफ्टप्ले म्हणजे पाच राउंड आधी जिंकणाऱ्याची छोटी मॅच, पैसे आणि स्पाइक (बॉम्ब) सगळं असलेली. पंधरा-वीस मिनिटं जातात, पण हात, तोंड आणि डोकं तिन्ही एकदम लागतात. चार-पाच दिवस खेळला नसाल, गावाहून आला असाल, तर रेंज आणि डेथमॅचच्या भानगडीत न पडता एक स्विफ्टप्ले खेळा आणि थेट रँक्ड लावा. रोज खेळणाऱ्याला त्याची गरज नाही.

तर तुमची एक साधी रात्र अशी बसते. जेवण नऊच्या आसपास, पोट तडस लागेपर्यंत नाही. जेवताना पीसी चालू. दहाला दोन मिनिटं खांदे-मनगट, पाच मिनिटं रेंज, त्यातली दोन पिस्तुलाला, मग एक डेथमॅच कुजबुजत. साडेदहाच्या आत, खरं तर दहा-वीसलाच, रँक्डच्या रांगेत. मॅच साधारण पस्तीस-चाळीस मिनिटांची, म्हणजे अकराला संपते. दुसरी लावलीत तर पावणेबारा. साडेअकराची शिस्त पाळायची असेल तर एकच खेळा, पण ती ताज्या डोक्याने. मॅच मिळेपर्यंतच्या रांगेत रील्स बघू नका. ही सूचना सगळ्यांना क्षुल्लक वाटते. मिनिटाला चार व्हिडिओ बदलत बसलात तर आत्ताच बसवलेली घडी तुम्ही स्वतः विस्कटता. डोळे पडद्यावरून काढा, खिडकीबाहेर लांब कुठेतरी बघा, पाणी प्या. पडद्याकडे टक लावल्यावर पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात, तेवढी त्यांना उसंत.

हे कशावर अवलंबून आहे तेही सांगितलं पाहिजे. वय चाळिशीकडे झुकलेलं असेल तर शरीराचा भाग थोडा वाढवा. सकाळी उठल्या उठल्या खेळत असाल तर अर्धा तास तरी जाऊ द्या, झोपेची गुंगी वॉर्मअपने झटकन जात नाही. काउंटर-स्ट्राइक 2 खेळणाऱ्याला पिस्तुलाचं गणित तसंच लागू, फक्त रिकॉइलला (बंदुकीच्या झटक्याला) जास्त वेळ द्यावा लागतो, कारण तिथे फवाऱ्याचा आकार ठरलेला असतो आणि हाताला तो रोज आठवून द्यावा लागतो. डोटासारख्या गेममध्ये तर नेम हा प्रश्नच नसतो. 2019 मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ईएसएल वनची डोटा 2 ची मोठी स्पर्धा झाली होती. अशा स्टेजवर एक गेम संपून दुसरा सुरू होईपर्यंत बराच वेळ नुसतं बसावं लागतं. तिथे वॉर्मअप एकदाच करून भागत नाही, प्रत्येक खंडानंतर छोटासा परत करावा लागतो.

भावाचं. बीजीएमआयमध्ये ट्रेनिंग ग्राउंड आहे आणि वेअरहाउस मॅपवरची टीडीएम (टीम डेथमॅच) आहे, चार विरुद्ध चार, 40 किलची. एक टीडीएम पुरे. त्याला तीन-चार खेळू देऊ नका, आणि कारण हात नव्हे, फोन आहे. एप्रिल-मेमध्ये डोंबिवलीच्या घरात फोन असाच तापलेला असतो. त्यात चार्जर लावून टीडीएम खेळली की फोन आपला वेग स्वतःच कमी करतो, आणि क्लासिक मॅच (तिथली नेहमीची मोठी मॅच) सुरू होते तेव्हा फ्रेम पडायला लागतात. पोरगं म्हणतं ‘आज हात नाही’, प्रत्यक्षात फोन दमलेला असतो. खेळण्याआधी चार्ज करून काढून ठेवायचा, कव्हर काढायचं. जायरोवर (फोन कलवून नेम धरणं) खेळत असेल तर बसण्याची पद्धत रोज एकच हवी: लोळून वॉर्मअप आणि ताठ बसून मॅच असं केलं तर जायरोचा कोन बदलतो. शिवाय तिथे पहिली लढाई कधी कधी दहा मिनिटांनी होते, तोवर वॉर्मअप शिळा होतो. म्हणून लूट करताना दारं-खिडक्यांच्या कोपऱ्यांवर क्रॉसहेअर ठेवत फिरायची सवय लावा. तो 18 च्या आतला असेल तर गेममध्येच दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे, तेव्हा वेळ जपून वापरणं त्याच्याही हिताचं आहे.

मनगटाचा पट्टा: नको. पट्टा मनगट जखडतो, मग तेवढी हालचाल कोपर आणि अंगठ्यावर येते. मी वर सांगितलेली स्लीव्ह वेगळी, ती फक्त घामासाठी. पण पट्टा का हवासा वाटला हे तुम्ही लिहिलं नाही. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांत मुंग्या येत असतील, किंवा रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर तो मनगटातल्या नसेवरचा दाब असू शकतो. करंगळीच्या बाजूला मुंग्या येत असतील तर कोपर टेबलाच्या कडेवर टेकवून बसता का ते पाहा. दोन्हींपैकी काही असेल तर हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा आणि तोवर रँक्ड बंद ठेवा. दुखण्यावर वॉर्मअप हा उपाय नाही. हात ‘मोकळा झाला’ म्हणून दुखणं जाणवेनासं होतं आणि तुम्ही जास्त खेळता, एवढंच होतं.

कॉफी: रात्री साडेनऊला घेतलीत तर तिचा जोर अर्ध्या ते एका तासात चढतो, म्हणजे पहिल्या मॅचला उपयोग होईलही. पण शरीरातली निम्मी कॅफिन जायला साधारण पाच तास लागतात. रात्री अडीचला ती अर्धी अंगात असेल आणि सकाळी सातची लोकल तुम्हाला पकडायचीच आहे. त्या झोपेची भरपाई दुसऱ्या दिवशीचा कुठलाच वॉर्मअप करत नाही. संध्याकाळी ऑफिसातून निघताना कटिंग घेतलात तर ठीक, त्यात कॅफिन कमीच असतं.

पंधरा दिवस असं करून पाहा. रोज पहिल्या मॅचच्या पहिल्या सहा राउंडमध्ये कसे मेलात तेवढं एका ओळीत लिहून ठेवा: नेम चुकला, जागा चुकली की माहिती नव्हती. मग ती यादी इथेच टाका. सोबत कुठला एजंट खेळता आणि ड्युएलिस्ट (आधी घुसणारा) म्हणून पुढे घुसता की मागे राहता, तेही सांगा, कारण सेंटिनल (बचाव करणारा) खेळत असाल तर पिस्तूल राउंडबद्दलचा माझा सल्ला थोडा बदलेल.